तात्या म्हणतात, आमटी अळणी

छप्पन दुकानवर पोह्यांवर जिरावण मसाला किती भुरभुरायचा, हे इंदूरचा माणूस दोन सेकंदांत ठरवतो. त्याच माणसाने गाडीला मोकळा सायलेन्सर बसवला, की इंजिनला पेट्रोल किती द्यायचं हे ठरवण्यात, म्हणजे मॅपिंगमध्ये, त्याचे चार रविवार जातात. माझे जातातच.

गाडीत कंपनीने दिलेला ऑक्सिजन सेन्सर असतो, पण तो पंगतीतल्या तात्यांसारखा. आमटी भुरकून ‘खारट’ किंवा ‘अळणी’ एवढंच सांगणार, किती ते नाही. ०.४५ व्होल्टच्या वर गेला की मिश्रण रिच (पेट्रोल जास्त), खाली आला की लीन (पेट्रोल कमी). मॅपिंगला वाइडबँड सेन्सर हवा: बॉशचा एलएसयू ४.९ आणि त्याचा कंट्रोलर. हे तात्या ‘अर्धा चमचा कमी’ असं नेमकं सांगतात. फक्त त्यांची बडदास्त फार. इंजिनातून सायलेन्सरकडे जाणाऱ्या बेंड पाइपला एम१८ × १.५ आट्यांचा नट वेल्ड करायचा आणि सेन्सर आडवा न ठेवता टोक खाली करून किमान दहा अंश कलता बसवायचा. नाहीतर पाइपात साचलेलं पाणी तापलेल्या सिरॅमिकवर पडतं आणि ते तडकतं. हीटर बंद ठेवून इंजिन चालवलं तर काजळी धरते, जवळपास सिलिकॉन सीलंट वापरलं तर त्याच्या वाफेने सेन्सर निकामी होतो. पाहुणा जपावा तसा जपायचा.

आणि एवढं करूनही तो पेट्रोल मोजतच नाही! तो फक्त धुरातला ऑक्सिजन हुंगतो. सगळा घोळ इथे आहे. बेंड पाइपची गॅस्केट जराशी गळकी असली की धुराच्या दोन धक्क्यांच्या मधे बाहेरची हवा आत ओढली जाते. तात्या म्हणतात, ‘लीन.’ आपण पेट्रोल वाढवतो. प्लग काळा होतो, इंजिन मिसफायर करतं, न जळलेला ऑक्सिजन तसाच बाहेर पडतो. तात्या म्हणतात, ‘आणखी लीन!’ आपण आणखी वाढवतो. शेवटी गाडीला रॉकेलच्या स्टोव्हसारखा वास येतो आणि स्क्रीनवर मात्र लीनच. म्हणून आधी थंड इंजिन चालू करून सायलेन्सरच्या तोंडाशी जाड फडकं क्षणभर दाबायचं. गळती असेल तिथे फुसफुस ऐकू येते. एअर फिल्टर, टॅपेट, प्लग, फ्युएल पंपाचं प्रेशर हे सगळं लॅपटॉप उघडण्याआधी तपासायचं.

आकडा वाचायचा तो लॅम्ब्डाचा: हवा-पेट्रोलचं प्रत्यक्ष प्रमाण भागिले समतोलाचं प्रमाण. मीटरवरचं १४.७ (एका भाग पेट्रोलला इतके भाग हवा) हे शुद्ध पेट्रोलचं गणित. ई२०ला (२० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलला) तोच समतोल साधारण १३.५ला येतो. लॅम्ब्डा १ म्हणजे दोन्हीकडे १च.

आता रकाने, म्हणजे इंजिनचा वेग आणि थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटर) यांनुसार पेट्रोल ठरवणाऱ्या तक्त्यातली घरं. ४००० आरपीएम, २० टक्के थ्रॉटल, लॅम्ब्डा हवा ०.९५, दिसतोय १.०४. भागाकार १.०९५, म्हणजे साडेनऊ टक्के पेट्रोल कमी पडतंय. मी एकदम साडेनऊ टाकत नाही; निम्मं टाकून पुन्हा बघतो, शेजारचे रकानेही थोडे ओढून घेतो. धूर सेन्सरपर्यंत पोचायला वेळ लागतो, म्हणून थ्रॉटल तीन-चार सेकंद एकाच जागी धरावा लागतो. पलासियाच्या चौकात तीन सेकंद एक वेग धरून दाखवा, भिया! सुपर कॉरिडॉरच्या मोकळ्या रस्त्यावर पहाटे जमतं. तिथेही लॉग रेकॉर्ड करायचा आणि घरी येऊन बघायचा, चालवताना स्क्रीनकडे नाही. पूर्ण थ्रॉटलचे रकाने डायनोवरच (उभी गाडी रोलरवर पळवायचं यंत्र), तिथे ०.८७च्या आसपास बरं.

क्लोज्ड लूप, म्हणजे कंपनीच्या सेन्सरचं ऐकून पेट्रोल आपोआप दुरुस्त करणं, बंद करायला विसरलात, तर वेगळीच मौज. तुम्ही आठ टक्के वाढवता, ईसीयू (इंजिनचा संगणक) निमूटपणे तेवढेच कमी करतो. माहेरून आणलेला डबा घरच्यांनी परस्पर संपवावा, तसा. लूप बंद करायला कंपनीचा सेन्सर काढला, की मीटरवर पिवळा दिवा लागतो. घरातल्या प्रत्येकाला वाटतं, पेट्रोल संपत आलंय. चार रविवार मॅपिंग केल्यावर ते बहुतेक वेळा खरंही असतं.