खलाशी टिकवायचा तर हिशोब दाखवा

31 जुलैला मासेमारीची दोन महिन्यांची पावसाळी बंदी संपली की रत्नागिरीकडच्या मच्छीमारांच्या ग्रुपवर दरवर्षी तेच सुरू होतं, खलाशी उचल घेऊन गेले ते आलेच नाहीत, मिरकरवाडा बंदरात बोटी धक्क्यालाच उभ्या, आता पोलिसात नावं द्या, कागदपत्रं ठेवून घ्या. नाखव्याचं, म्हणजे बोटमालकाचं, नुकसान खरंच मोठं आहे, तोही बरेचदा व्यापाऱ्याकडून आगाऊ पैसे घेऊनच उचल वाटतो. पण कागदं अडकवून माणूस टिकत नाही हो.

मी ट्रोम्सोत राहतो, नॉर्वेच्या उत्तरेला. इथे लोफोतेन बेटांकडे कॉड माशाचा सीझन जानेवारी ते एप्रिल, म्हणजे अंधार, बर्फ, वारा, तरी इथली पोरं बोटीवर जातात. वाट्याची पद्धत आपल्याकडेही जुनीच आहे, खर्च काढून बोटीचा वाटा, माणसांचा वाटा. पण इथे तो करारात लिहिलेला असतो, आणि 1938 च्या कायद्यापासून पहिली विक्री मच्छीमारांच्याच संस्थांमार्फत होते, किमान भाव त्याच ठरवतात, दर विक्रीला वजन आणि भावाची पावती बनते, त्यामुळे माल किती आणि पैसा किती हे खलाशालाही कळतं. मासळी लागली नाही तर सरकारची किमान उत्पन्नाची हमी, टॅक्समध्ये वेगळी सूट. शाळेतल्या पोरांना उन्हाळ्याच्या सुट्टीत मासे मारून विकताही येतात, सवय तिथूनच लागते.

सगळं छान आहे असंही नाही. कोटा, म्हणजे ठरावीक मासळी पकडायचा हक्क, इतका महाग झालाय की तरुण पोराला स्वतःची बोट घेणं फार अवघड, आणि किनाऱ्यावरच्या मासळीच्या कारखान्यांत पोलंड, लिथुआनियाचे लोक राबतात.

आपल्याकडे महाराष्ट्रात एप्रिल 2025 मध्ये मासेमारीला शेतीचा दर्जा मिळाला, चांगलंच झालं, पण बोलणं सगळं वीज, कर्ज, सवलतींचं. खलाशाचं काय? केंद्राच्या मत्स्यसंपदा योजनेत अपघाती मृत्यूला 5 लाखांचा विमा आहे, पण बोटीवर कामाला नेपाळहून आलेल्या पोराचं नाव कुठल्या मच्छीमार सोसायटीत असणार? मच्छीमार कामगारांसाठी आयएलओचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा, 2007 चा करार आहे, त्यात लेखी करार, विश्रांतीचे तास, औषधोपचार सगळं आहे, नॉर्वेने तो मान्य केलाय, भारताने नाही.

उचल बंद करा असं मी म्हणत नाही, दोन महिने घरी बसलेला माणूस खाणार काय? पण उचलीसोबत वाटा लिहिलेला कागद द्या, दर फेरीच्या वजनाची पावती खलाशाच्या व्हॉट्सअपवर टाका, आणि बाहेरून आलेल्या पोरांचा अपघात विमा सोसायटीनेच काढावा. यासाठी दिल्लीची परवानगी लागत नाही, पुढच्या बंदीतच बसून ठरवता येईल.