उपायांचा कोश हवा, आणि तो पुण्यात व्हावा

जगापुढच्या समस्यांच्या याद्यांना तोटा नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये १७ शाश्वत विकास ध्येयं मांडली, त्यांखाली १६९ लक्ष्यं. पण या समस्यांवर माणसांनी आजवर काय काय करून पाहिलं, कुठे, कुणाच्या जिवावर, आणि पुढे त्याचं काय झालं, हे एका जागी शोधायला जा. हाती तुकडे लागतात, आणि तेही बहुतेक यशोगाथांचे.

असा कोश व्हायला हवा. मराठीत व्हायला हवा. पण त्यात उपायांची नुसती नावं असतील तर त्याचा काही उपयोग नाही.

आपल्याच पुण्यातलं १८९७ साल घ्या. प्लेगची साथ. इंग्रज प्लेग अधिकारी रँडच्या कमिटीने गोरे सोजीर, म्हणजे सैनिक, घराघरांत घुसवले, माणसं उचलून छावण्यांत नेली, सामान जाळलं. लोक रोगी लपवायला लागले. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. त्याच साथीत हडपसरकडच्या माळरानावर डॉ. यशवंत फुल्यांचा दवाखाना चालू होता आणि सावित्रीबाई स्वतः रोगी आणत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घालून आणलं असं सांगतात. त्यांनाच लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. नुसत्या यादीत या दोन्हींची नोंद एकच होईल: 'रोग्याला वेगळं ठेवणं'. एका प्रकाराने लोक दारं लावून बसले, दुसऱ्यात रोग्याच्या घरी आपलं माणूस आलं. हा फरक नोंदीत नसेल तर पुढच्या साथीत ती नोंद वाचून कुणीही पुन्हा सोजीरच पाठवील.

देवीच्या रोगाचंही तसंच. लस १७९६ पासून माहीत होती. तरी १९७४ मध्ये बिहारात भयंकर साथ आली. सरसकट टोचण्याच्या जोडीला घरोघर शोध, रोगी कळवणाऱ्याला बक्षीस, आणि रोगी सापडला की त्याच्याभोवतीच्या सगळ्यांना तातडीने लस, हे नेटाने केलं गेलं. १९७५ मध्ये भारतातला शेवटचा रुग्ण सापडला, १९८० मध्ये जगातूनच देवी गेल्याचं जाहीर झालं. लस होती तीच, ती वापरायची रीत बदलली.

आणि फसलेले उपाय? त्यांच्या नोंदी तर मला सगळ्यांत आधी हव्यात. स्वातंत्र्याच्या वेळी देशात मलेरियाचे वर्षाला साडेसात कोटी रुग्ण असल्याचा अंदाज होता. डीडीटीची फवारणी झाली आणि १९६५ पर्यंत नोंदलेले रुग्ण लाखाच्या आसपास आले. १९७६ मध्ये आकडा पुन्हा ६४ लाखांवर गेला. डास डीडीटीला दाद देईनासे झाले, पुरवठा अडखळला, आणि रोग संपत आल्यासारखं वाटल्यावर गावोगावची देखरेख सैल पडली. यातलं शेवटचं कारण कुठल्याही मोहिमेला लागू आहे. पण मोहीम फसली की अहवाल थांबतात, माणसांच्या बदल्या होतात, आणि शिकलेलं त्यांच्याबरोबर निघून जातं.

पुणंच का? कारण हे काम कसं करतात ते या शहराला ठाऊक आहे. डेक्कन कॉलेजात १९४८ पासून संस्कृत महाकोशाचं काम चालू आहे, शब्दांच्या नोंदी असलेल्या जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्यांचा संग्रह तिथे आहे. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ ते १९६६ एवढा काळ खपून पुरी केली. त्या आवृत्तीत पाठभेद, म्हणजे पोथ्यापोथ्यांतले वेगळे शब्द, टाकून दिलेले नाहीत, ते पानाच्या तळाशी दिलेत. उपायांच्या कोशाला हीच शिस्त हवी. एका गावात काय ठरलं, शेजारच्या गावाने त्यात काय बदललं, दोन्ही लिहायचं.

'याद्या करून कुणाचं पोट भरत नाही' असं म्हणणारे भेटतात. १९७२ च्या दुष्काळातल्या कामांतून आपल्या महाराष्ट्राच्या रोजगार हमीचा १९७७ चा कायदा झाला. नियम लिहिलेले होते, म्हणून ते देशाला तपासता आले आणि २००५ मध्ये देशभरासाठी कायदा झाला. लाखो घरांत त्यातून चूल पेटली.

सुरुवात घरापासून करू. पुरंदरची पाणी पंचायत. त्याच दुष्काळानंतर विलासराव साळुंखे नायगावात गेले आणि पाणी जमिनीच्या नव्हे, माणसांच्या हिशेबाने वाटायचं ठरलं. माणशी अर्ध्या एकराचं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. भूमिहीनालाही वाटा. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जायचा नाही. पाण्याच्या न्याय्य वाटपाचा यापेक्षा धीट प्रयोग मला माहीत नाही, आणि तो पुण्यापासून दीड-दोन तासांवर झालाय. पुढे गावोगावच्या अशा काही पाणी योजना टिकल्या, काही बंद पडल्या. वीजबिल थकलं म्हणून, उसाचा मोह झाला म्हणून, की पंप दुरुस्त करणारं कुणी उरलं नाही म्हणून? दर गावाचं उत्तर वेगळं असणार. सासवड, नायगाव, माहूर भागातल्या कुणाच्या घरी त्या योजनांतले सभासद असतील, किंवा बैठकींची वही माळ्यावर पडली असेल, तर कृपया इथे लिहा. आपल्या गावच्या योजनेत कुणाला किती पाणी मिळायचं, पाळी कोण ठरवायचं, भांडण झालं की कुणाकडे जायचं आणि योजना थांबली असेल तर कशामुळे, एवढं आलं तरी पहिली नोंद लिहायला घेता येईल.