रॅम भाजून संगणक सुरू होत नसतो

“दादा, रॅमची पट्टी ओटीजीत किती वेळ ठेवायची रे?” असे रामबागेत राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीने परवा फोनवर विचारले, तेव्हा ती थट्टा करते आहे असेच मला वाटले. भाच्याने रॅमचा वेग 3200वरून 4000वर नेला होता. तेव्हापासून संगणकाचे पंखे फिरत, पण पडदा काळाच राही. तेवढ्यात इंदूरच्या आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक संदेश फिरत आला: ओव्हरक्लॉकिंगनंतर, म्हणजे ठरलेल्यापेक्षा वेग वाढवल्यावर, संगणक सुरू झाला नाही तर रॅम जळाली असे समजावे, ती 200 अंशांवर आठ मिनिटे भाजावी, तरीही न चालल्यास मदरबोर्ड बदलावा, बायोसचा (संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीचा) सेल काढू नये कारण सगळा डेटा पुसला जातो, आणि बटण वीस वेळा चालू-बंद करून पाहावे.

भाजण्याचा सल्ला आधी घेतो, कारण तो नुसता चुकीचा नाही, घातकही आहे. पट्टीवरच्या चिपा ज्या शिसेविरहित डाखाने जोडलेल्या असतात, तो साधारण 217 अंश सेल्सियसला वितळतो. म्हणजे 200 अंशांवर डाख तसाच राहणार आणि वरच्या पत्र्याखालचा चिकट थर व लेबल मात्र खराब होणार. तापमान आणखी वाढवले, तर चिपा जागच्या हलण्याची भीती. मुळात बायोसमधला एक आकडा बदलल्याने डाख सुटतो, हा शोध कोणी लावला? ज्या ओटीजीत बहीण नानकटाई भाजते, त्यात हा धूर कोंडायचा, हे निराळेच.

रॅम जळाली, हेही खरे नाही. भाच्याकडे असलेल्या डीडीआर4 या पिढीच्या रॅमचे मानक ठरवणाऱ्या जेडेकच्या जेईएसडी79-4 या दस्तऐवजात नेहमीचे व्होल्टेज 1.2 आणि सोसण्याची कमाल मर्यादा 1.5 व्होल्ट दिली आहे. भाच्याने एक्सएमपीचे (रॅम बनवणाऱ्याने आधीच ठरवून दिलेल्या वेगवान मांडणीचे) 1.35 व्होल्ट तसेच ठेवून फक्त वेग वाढवला होता. सुरू होताना मदरबोर्ड रॅमशी संकेतांचा मेळ जुळवून घेतो, आणि त्या वेगाला तो जुळला नाही की चित्र येण्याआधीच सगळे थांबते. ‘डीरॅम’ लिहिलेला बारीक दिवा पेटून राहिला होता, तो हेच सांगत होता. मदरबोर्ड बदलण्याचा प्रश्न त्यामुळे उरतच नाही.

सेलविषयीच्या भीतीने तर सगळ्यात सोपा उपाय लोकांच्या हातून काढून घेतला आहे. नाण्याएवढा, 3 व्होल्टचा तो सीआर2032 सेल घड्याळ चालू ठेवतो आणि बायोसची मांडणी सांभाळतो. फोटो आणि फायली एसएसडीवर असतात, त्यांचा त्याच्याशी संबंध नाही. आम्ही वीजपुरवठ्याची वायर काढली, बटण काही सेकंद दाबून धरले, ग्राफिक्स कार्ड उतरवून त्याखालचा सेल पाच मिनिटे बाहेर ठेवला आणि मॅन्युअलमधल्या आकृतीप्रमाणे सीमॉस (बायोसची मांडणी साठवणारी स्मृती) पुसण्याच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने क्षणभर जोडल्या. एवढे मात्र नाइलाजाने मान्य करतो की ज्यांच्या विंडोजवर बिटलॉकर हे डिस्कला कुलूप लावणारे साधन चालू आहे, त्यांच्याकडे यानंतर रिकव्हरी की मागितली जाऊ शकते, म्हणून ती आधी शोधून ठेवावी. पण कुलूप लागणे आणि घर रिकामे होणे एक नव्हे.

बटणाच्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे. अनेक मदरबोर्ड काही अयशस्वी प्रयत्नांनंतर आपणहून सुरक्षित वेगावर येतात. मात्र त्यांना तेवढी सवड द्यावी लागते, आणि सारखे बटण दाबले की चाललेली जुळवणीच अर्ध्यावर तुटते. डीडीआर5 ही त्यापुढची पिढी असेल तर पहिल्या खेपेस काही मिनिटेही लागतात.

संगणक 2133 या मूळ वेगावर सुरू झाला, तेव्हा तारीख तेवढी चुकलेली होती. अस्थिर रॅम फायली गुपचूप बिघडवू शकते, हा डेटाचा खरा धोका संदेशात कुठेच नव्हता, म्हणून भाच्याला 3200चे एक्सएमपी लावून रात्रभर मेमटेस्ट86 प्लस हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम चालवायला सांगितले. सकाळी एकही चूक नव्हती. ओटीजी बहिणीने नानकटाईसाठीच तापवला.