व्हिडिओ चेंडू पडायच्या आधी थांबवा

विज्ञानाच्या इंटरॅक्टिव्ह व्हिडिओत, म्हणजे मध्येच थांबून प्रश्न विचारणाऱ्या व्हिडिओत, प्रश्न कुठे टाकलाय, यावर जवळपास सगळं ठरतं. बहुतेक ठिकाणी तो उत्तर दाखवून झाल्यावर येतो. मुलं नुकतंच ऐकलेलं वाक्य ओळखतात, टिक करतात, पुढे जातात. यात शिकणं फार थोडं होतं.

त्याऐवजी, समजा व्हिडिओ खाली पडणाऱ्या चेंडूचा आहे, तर चेंडू हातातून सुटायच्या क्षणी तो थांबवा. पहिल्या ०.१ सेकंदात चेंडू जेवढा खाली येईल, त्याच्या किती पट पुढच्या ०.१ सेकंदात येईल? अंदाज वहीत लिहिल्याशिवाय प्ले दाबायचं नाही.

मग फ्रेम मोजू द्या. सेकंदाला ३० फ्रेम असतील तर दर तिसरी फ्रेम म्हणजे ०.१ सेकंद. पडण्याच्या सूत्राप्रमाणे (अंतर = ½ × गुरुत्व त्वरण × वेळेचा वर्ग) एकूण अंतर ४.९, १९.६, ४४.१, ७८.४ सेंमी. शेजारच्या आकड्यांची वजाबाकी केली की ४.९, १४.७, २४.५, ३४.३, म्हणजे १:३:५:७! पुन्हा वजाबाकी केली की दर वेळी ९.८ सेंमी. चेंडू दोन फ्रेमच्या मध्येच सुटला तर १:३:५ बिघडतं, पण ९.८ टिकतात. वर्गसमीकरण शिकवायला याहून चांगला तक्ता मला माहीत नाही. प्रत्यक्ष मोजणीत अर्धा सेंमी इकडेतिकडे होतोच आणि वजाबाकीत ती चूक फुगते, म्हणून तीन-चार गटांची सरासरी घ्या.

घोळ होतो तो शूटिंगमध्ये. मीटरपट्टी मागच्या भिंतीला टेकवून ठेवतात. कॅमेऱ्यापासून चेंडू २ मीटरवर आणि पट्टी त्याच्या २० सेंमी मागे असेल, तर पट्टी लहान दिसते, अंतरं १० टक्के जास्त भरतात आणि गुरुत्व त्वरण ९.८ ऐवजी १०.८ मीटर प्रति सेकंद वर्ग येतं. पट्टी चेंडूच्याच प्रतलात हवी. उजेड भरपूर हवा, नाहीतर शटर जास्त वेळ उघडं राहतं. ०.४ सेकंदानंतर वेग सेकंदाला सुमारे ३.९ मीटर असतो. शटर १/३० सेकंद उघडं राहिलं तर चेंडूऐवजी १३ सेंमीचा पट्टा दिसेल. १/५०० ला तो १ सेंमीच्याही आत येतो.

व्हिडिओतली मोजणी करायला ट्रॅकर आणि व्हिडिओत प्रश्न जोडायला एच५पी, ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत.

एक कळकळीची विनंती. 'दुप्पट' निवडणाऱ्या मुलाला पुन्हा सुरुवातीला ढकलू नका. त्याने विचार केलाय: ०.२ सेकंदाला वेग खरंच ०.१ सेकंदाच्या दुप्पट असतो. त्याला सरासरी वेग दाखवणाऱ्या वीस सेकंदांच्या तुकड्याकडे न्या. पहिल्या टप्प्यात ०.४९, दुसऱ्यात १.४७ मीटर प्रति सेकंद. तिप्पट कुठून आली, ते त्याचं त्यालाच दिसेल.