वयात शंभर मिळवा, म्हणे!

सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या आमच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा आला. दोन वर्षांत तिसऱ्यांदा. मजकूर असा: वयात 100 मिळवा, तेवढं वरचं बीपी नॉर्मल, म्हणजे सत्तरीत 170 चालतं. 120/80 हा औषध कंपन्यांचा डाव. त्रास नसेल तर गोळी कशाला, गोळ्यांनी किडनी जाते. मिठाऐवजी सैंधव खा. खाली जोडलेले हात आणि ‘जनहितार्थ’.

आधी त्या शंभराचं. हा हिशेब हवेतला नाही, एके काळी डॉक्टरही तो सांगत. वयाबरोबर धमन्या ताठर होतात, मग रक्त पुढे ढकलायला जास्त जोर लागणारच, असा समज होता. 1944 च्या मार्चमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचं बीपी 186/108 भरलं. वय 62. सूत्राच्या हिशेबानेही ते जास्तच. पण ‘वयाच्या मानाने ठीक’ हे शब्द एकदा तोंडात बसले की आकडा कुठेही जावो, त्यांचे डॉक्टर लोकांना तेच ऐकवत राहिले. 12 एप्रिल 1945 ला मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले. त्या दिवशी नोंदलेलं बीपी 300/190.

बीपी वयाबरोबर वाढतं हे बहुतेकांच्या बाबतीत खरं, पण म्हणून ते चालतं असं नाही. केसही पिकतात, मोतीबिंदूही होतो. मोतीबिंदू आपण काढतोच ना? ॲमेझॉनच्या जंगलातले यानोमामी लोक मीठ जवळपास खातच नाहीत, आणि त्यांचं बीपी म्हातारपणीही फारसं चढत नाही.

कंपन्यांचा डाव? कंपन्या धुतल्या तांदळासारख्या आहेत असं मी म्हणणार नाही. पण 1991 साली निष्कर्ष आलेला ‘शेप’ हा अभ्यास अमेरिकी सरकारी संस्थांच्या पैशावर झाला. साठीपुढचे 4,736 जण, सगळ्यांचं वरचं बीपी 160 च्या पुढे, खालचं 90 च्या आत. निम्म्यांना क्लोरथॅलिडोन ही जुनी, स्वस्त गोळी, निम्म्यांना नुसतीच दिसायला गोळी. औषध घेणाऱ्यांत पक्षाघाताचं प्रमाण 36 टक्क्यांनी कमी निघालं. 2008 मध्ये ऐंशीपुढच्या लोकांवरच्या ‘हायवेट’ अभ्यासात तर मृत्यूही कमी झाले.

किडनीचं अगदी उलटं आहे. न आवरलेलं बीपीच किडनी खातं. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून परस्पर आणलेली डायक्लोफिनॅक किडनीलाही बाधते आणि बीपीही चढवते, त्याबद्दल मात्र मेसेज गप्प. बीपीच्या गोळ्यांपैकी ॲम्लोडिपिनने घोटे सुजतात, रॅमिप्रिलने कोरडा खोकला लागतो, हे होतं. डॉक्टरांना सांगा, गोळी बदलून मिळते.

सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमच्या आत मीठ सांगते, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर, लोणचं-पापड-फरसाण धरून.

एक गोष्ट मेसेजच्या बाजूने. खूप थकलेल्या म्हाताऱ्या माणसाला हट्टाने 120 वर ओढलं तर उठताना चक्कर येऊन तो पडू शकतो. म्हणून बीपी उभं राहूनही मोजून घ्यावं आणि किती खाली आणायचं ते डॉक्टरांनी माणूस बघून ठरवावं. वयात शंभर मिळवून नव्हे.

राहिला ‘त्रास नाही’चा मुद्दा. परवा बागेत मी मशीन नेलं होतं. सत्तरीचे एक काका तीन फेऱ्या मारून आले नि बाही सरसावली. म्हटलं, आधी पाच मिनिटं टेका, पाय जमिनीला, गप्पा बंद. दंड छातीच्या पातळीला ठेवून मोजलं: 178. दोन मिनिटांनी 174. ना डोकेदुखी, ना घेरी. “मशीन बिघडलंय,” काका म्हणाले. त्याच मशीनवर माझं 128 आलं.

मेसेज काकांनीच टाकला होता. डिलीट करा म्हटलं, तर म्हणाले, “थांब रे, आधी डॉक्टरकडे जाऊन येतो.”