विषय : इंग्रजी इंग्रजीतूनच शिकल्याबाबत

एम. ए. करताना मी इंग्रजी हा विषय इंग्रजीतूनच शिकले, हे माझ्या विद्यापीठाने गेल्या आठवड्यात अखेर लेखी मान्य केले. दाखला माझ्या हातात आहे. त्यावर गोल शिक्का आहे, जावक क्रमांक आहे, उपकुलसचिवांची सही आहे आणि पहिल्याच वाक्यात व्याकरणाची ढळढळीत चूक आहे. शिक्का, क्रमांक आणि सही मिळवताना जेवढा मनस्ताप झाला, त्याहून अधिक ती चूक काढून टाकण्याच्या खटपटीत झाला, आणि त्यात मला यश आले नाही.

प्रकरण तसे साधे आहे. संयुक्त अरब अमिरातीतील एका शाळेने मला इंग्रजी शिकवण्यासाठी बोलावले. तिथल्या मुख्याध्यापिका संगणकाच्या पडद्यावरून माझ्याशी बराच वेळ इंग्रजीत बोलल्या, मीही इंग्रजीत बोलले, दोघींना एकमेकींचे सारे बोलणे कळले, आणि शेवटी त्या म्हणाल्या की तुमचे इंग्रजी उत्तम आहे, आता तुम्हाला इंग्रजी येते असे सांगणारे कागद पाठवा. पदवी प्रमाणपत्र, सर्व सत्रांची गुणपत्रके, बंद पाकिटातले ट्रान्सक्रिप्ट म्हणजे साऱ्या गुणांचा एकत्रित उतारा, पोलिसांचा दाखला, पदवी खरी असल्याचे विद्यापीठाचे पत्र, ती वर्गात बसून मिळवली की घरी बसून याचा खुलासा, आणि सर्वांत शेवटी शिक्षणाचे माध्यम इंग्रजी असल्याचा दाखला. माझ्याजवळ सेल्टाचे, म्हणजे परभाषकांना इंग्रजी शिकवण्याच्या प्रशिक्षणाचे, प्रमाणपत्रही आहे. त्या अभ्यासक्रमाला किमान 120 तास द्यावे लागतात आणि त्यांपैकी 6 तास खऱ्याखुऱ्या विद्यार्थ्यांपुढे उभे राहून शिकवावे लागते. तेव्हा मागच्या बाकावर परीक्षक टिपणे काढत बसलेले असतात. मला शिकवताना प्रत्यक्ष पाहून कोणी दिलेला असा माझ्या साऱ्या कागदांत हा एकच कागद आहे. शाळेच्या यादीत त्याच्यापुढे ‘असल्यास’ असे लिहिले होते.

कागद नुसते जमवून भागत नाही, त्यांचे साक्षांकन व्हावे लागते. हा ताप कमी व्हावा म्हणून 5 ऑक्टोबर 1961 रोजी हेग येथे एक करार झाला. त्यानुसार कागदावर अपोस्टिल, म्हणजे सही-शिक्का खरा असल्याचा एकच सरकारी दाखला, एकदा लागले की तो सर्व सदस्य देशांत चालतो. भारत या करारात 2005 पासून आहे, आणि चीनमध्येदेखील तो 7 नोव्हेंबर 2023 पासून लागू झाला. संयुक्त अरब अमिराती त्यात नाही. त्यामुळे मला जुन्याच वाटेने जायचे आहे : आधी विद्यापीठ, मग राज्य सरकार, मग परराष्ट्र मंत्रालय, मग त्या देशाचा दूतावास, आणि तिकडे उतरल्यावर तिकडचे परराष्ट्र मंत्रालय. आपले परराष्ट्र मंत्रालय 2012 पासून हे कागद थेट नागरिकाच्या हातून घेत नाही. नेमून दिलेल्या एजन्सीच्या माणसामार्फतच ते आत जातात. म्हणजे कागद खरा ठरवण्याच्या या साऱ्या खटाटोपात सर्वांत कमी भरवशाचा माणूस कोण, तर ज्याचा कागद आहे तो. शिवाय यातला प्रत्येक अधिकारी फक्त आपल्या आधीच्या अधिकाऱ्याची सही आणि शिक्का खरा असल्याची ग्वाही देतो. मजकूर खरा आहे, असे कोणीच म्हणत नाही. या गोष्टीवर मी पूर्वी तावातावाने बोलत असे. आता माझी सगळी भिस्त तिच्यावरच आहे.

माध्यमाचा दाखला विद्यापीठाच्या ज्या खिडकीवर मिळतो, तिथल्या रांगेत माझ्या पुढे एक काका होते. अशा खिडक्यांच्या आतल्या बाजूला नोकरी संपवून ते आता बाहेरच्या बाजूला आलेले होते, आणि परदेशी गेलेल्या पुतण्याचे ट्रान्सक्रिप्ट काढायला आले होते. त्यांच्या पिशवीत स्टेपलर होता, डिंकाची बाटली होती, निळे आणि काळे पेन होते, टाचण्यांची डबी होती. रांगेतला कोणीही मागे वळून ‘डिंक आहे का?’ असे विचारी, आणि काका त्याला आधी अर्ज दाखवायला लावत, तो तपासत, एखादा रकाना भरायला सांगत, आणि मगच डिंक देत. एका मुलीने आणलेले पदवी प्रमाणपत्र तिच्या वडिलांनी मोठ्या हौसेने लॅमिनेट करून घेतलेले होते. लॅमिनेट केलेला कागद साक्षांकनाला चालत नाही, कारण प्लास्टिकवर शिक्का उमटत नाही. मुलीचा चेहरा पडला. काकांनी तिला बाजूला घेऊन ते प्लास्टिक इस्त्रीने कसे सोडवावे, मध्ये सुती कापड कसे घालावे आणि शाई फुटल्यास कोणाच्या नावे अर्ज करावा, हे इतक्या सविस्तर सांगितले, की या विषयातही एखादी पदविका असावी असा मला संशय आला.

काकांचे स्वतःचे काम माझ्या आधी उरकले; पण ते गेले नाहीत. फळीवर कोपर टेकून ते माझ्या अर्जाकडे पाहत उभे राहिले.

“विषय?” आतल्या लिपिकांनी विचारले.

“इंग्रजी.”

“माध्यम?”

“इंग्रजीच.”

“कशावरून?”

मी म्हटले, “विषयच इंग्रजी आहे ना.”

“मॅडम, विषय हा वेगळा रकाना आहे आणि माध्यम हा वेगळा रकाना आहे.”

मी मदतीच्या आशेने काकांकडे पाहिले. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. “साहेबांचं बरोबर आहे, ताई. संस्कृतचा पेपर लोक मराठीतून लिहितात की नाही? लिहितात. मग तुम्ही इंग्रजीचा पेपर मराठीतून लिहिला नसेल, हे साहेबांनी कशाच्या आधारावर मानायचं?”

हा युक्तिवाद खोडता येत नव्हता, आणि मला राग आला तो त्याचाच. मी म्हटले की उत्तरपत्रिका काढून पाहा. लिपिक म्हणाले की त्या ठरलेल्या मुदतीनंतर नष्ट होतात. काका म्हणाले, “नियमच आहे तसा,” आणि त्यांच्या आवाजात माझ्यापेक्षा त्या उत्तरपत्रिकांबद्दल जास्त सहानुभूती होती. गुणपत्रकावर माध्यमाचा उल्लेख नव्हता. शेवटी असे ठरले, की महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी माध्यम इंग्रजी असल्याचे पत्र विद्यापीठाला द्यावे, आणि त्या पत्राच्या आधारे विद्यापीठाने तोच मजकूर मला द्यावा. मी शिकत असताना असलेले प्राचार्य केव्हाच निवृत्त झाले होते. नव्या प्राचार्यांनी मला आयुष्यात प्रथमच पाहिले, आणि मी कोणत्या भाषेत शिकले याची त्यांना संपूर्ण खात्री असल्याचे पत्र देऊन टाकले.

ते पत्र घेऊन मी खिडकीवर गेले, तर काका तिथे होतेच. पुतण्याच्या ट्रान्सक्रिप्टवर नावातले एक अक्षर चुकले होते. लिपिकांनी माझा दाखला छापला आणि सहीला पाठवण्यापूर्वी नाव तपासण्यासाठी माझ्यापुढे सरकवला. नाव बरोबर होते. बाकीचे वाक्य असे होते : ‘धिस इज टु सर्टिफाइड दॅट’, मग माझे नाव, आणि मग ‘हिज/हर मीडियम ऑफ इन्स्ट्रक्शन वेअर इंग्लिश’.

मी पुन्हा वाचले. नंतर शक्य तितक्या नम्रपणे म्हणाले, “इथे सर्टिफाय हवं. आणि वेअर नाही, वॉज.”

लिपिकांनी कागद वाचलाही नाही. “नाव बरोबर आहे ना?”

“नाव बरोबर आहे. वाक्य चुकलंय.”

“नमुना मंजूर आहे, मॅडम.”

“पण चुकीचा आहे.”

“असेल. मंजूर आहे.”

येथे काकांनी सूत्रे आपल्या हाती घेतली. त्यांनी पिशवी खाली ठेवली, ज्या गोष्टी वर्गात शिकवल्या जात नाहीत त्या सांगताना माणसे जो आवाज लावतात तो आवाज लावला, आणि म्हणाले, “ताई, हा कागद तिकडे गेल्यावर काय होतं, माहीत आहे? खरा आहे का म्हणून विचारणारा मेल इकडे येतो. तो मेल कोण उघडतं? हे साहेब. साहेब काय करतात? मजकूर वाचत बसतात का? नाही. फाइलमधला नमुना काढतात आणि ताडून बघतात. नमुन्यात आहे वेअर, तुमच्या कागदावर आहे वॉज. झालं! कागद बाहेर बनवलाय असा शेरा जाणार. नोटेत चांदीचा धागा असतो ना, तसं समजा. तो उपटून काढलात तर नोट चालेल का?”

“म्हणजे चूक हीच खरेपणाची खूण?”

“मी चूक म्हणालोच नाही,” काका दुखावल्या स्वरात म्हणाले. “मी नमुना म्हणालो.”

“अहो काका, मी तिकडे इंग्रजी शिकवायला निघाले आहे!”

“मग तिकडे शिकवा की. इथे कशाला?”

खिडकीच्या आत कोणीतरी हसले. लिपिकांनी तेवढ्यापुरते माझ्याकडे सहानुभूतीने पाहिले आणि सांगितले की नमुना बदलायचा असल्यास तसा प्रस्ताव विभागाकडून यावा लागेल, तो समितीपुढे जाईल, आणि मंजूर झाल्यास पुढच्या शैक्षणिक वर्षापासून अमलात येईल. पुढच्या शैक्षणिक वर्षाच्या आरंभी मला वर्गात उभे राहायचे आहे. मी दाखला आहे तसा घेतला. काकांनी तो ठेवायला पारदर्शक पाकीट दिले. ते नाकारण्याइतका ताठा माझ्यात उरला नव्हता.

ट्रान्सक्रिप्टचे पाकीट दुसऱ्या दिवशी मिळाले. त्याच्या तोंडावर सील आहे, सीलवर सही आहे, सहीवर शिक्का आहे, आणि ते मी उघडले तर ते रद्द. आत माझ्याच गुणांचा तपशील आहे. तो वाचण्याचा अधिकार जगात ज्या सर्वांना आहे, त्यांत मी नाही. दाखल्यावरचे वाक्य पाहिल्यापासून त्या पाकिटात काय काय लिहिले असेल या विचाराने मला झोप लागत नाही.

दरम्यान माझी एक मैत्रीण म्हणाली की अमिरातीचा नाद सोड आणि दक्षिण कोरियाला जा, तिथे अपोस्टिलवर भागते. मी नियम काढून पाहिले. तिथे परकीय भाषा शिकवण्याचा ई-2 व्हिसा इंग्रजीसाठी सर्वसाधारणपणे सात देशांच्या नागरिकांना मिळतो : अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. त्यांची पदवी कुठल्याही विषयातली चालते. प्राणिशास्त्र चालते, लेखाशास्त्र चालते. बिचाऱ्यांनाही पदवीवर अपोस्टिल घ्यावे लागते, पोलिसांचा दाखला आणावा लागतो, आणि तोही शिळा होऊन चालत नाही. ते सारे मला मान्य आहे. पण प्राणिशास्त्राच्या त्या पदवीधराला तू कोणत्या माध्यमातून शिकलास, असे कोणी विचारत नाही. त्याच्या पासपोर्टचे वेष्टन पाहून ते ओळखले जाते. मी ही भाषा शाळेपासून शिकते आहे, ती शिकवून पोट भरते आहे, तिच्यातल्या शब्दयोगी अव्ययांवर दुपारच्या तासाला पेंगणाऱ्या मुलांना जागे ठेवलेले आहे. आणि माझ्याबद्दलचा पुरावा म्हणून जे एक वाक्य सरकारी शिक्क्यानिशी समुद्रापार जाणार आहे, ते माझ्या सातवीच्या वर्गातल्या कोणीही लिहिले असते तर मी लाल शाईने खोडले असते. याच्यावर हसावे असे घरच्यांचे मत आहे. मी हसते, पण ते हसणे फार टिकत नाही.

साक्षांकनाला पाठवण्यापूर्वी सर्व कागदांच्या प्रती मी शाळेला पाहण्यासाठी पाठवल्या होत्या. वाटले होते, निदान तिथे कोणीतरी ते वाक्य वाचेल आणि विद्यापीठाबद्दल नाही तरी माझ्याबद्दल काही शंका काढेल. त्या शंकेचे निरसन करणारे एक लांबलचक, निर्दोष इंग्रजी पत्र मी मनातल्या मनात लिहूनही ठेवले होते. काल त्यांचे उत्तर आले. सर्व कागद समाधानकारक आहेत. माध्यमाच्या दाखल्यात मात्र एक त्रुटी आढळली आहे. त्यात ‘हिज/हर’ असे दोन्ही पर्याय तसेच राहिले असून लागू नसलेला पर्याय विद्यापीठाने खोडावा, त्यावर छोटी सही करावी आणि दाखला पुन्हा पाठवावा.

मी दाखला उघडून पाहिला. तळाशी बारीक अक्षरांत, अगदी शुद्ध मराठीत छापले आहे की खाडाखोड केलेला दाखला ग्राह्य धरला जाणार नाही. उद्या सकाळी खिडकी उघडण्याआधी मी रांगेत जाऊन उभी राहणार आहे, आणि सांगायला संकोच वाटतो, पण पुतण्याच्या नावातले ते अक्षर अजून दुरुस्त झालेले नसावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.