‘दोन मिनिटांचं काम, साडेआठशे रुपये’ या रिव्ह्यूला गॅरेजमालकाचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू वाचला. एक स्टार दिलात आणि लिहिलंत की गाडी नुसती टक् टक् करत होती, फोनवर आम्ही बॅटरी म्हणालो, दीड तास उशिरा ‘एक पोरगा’ पाठवला, त्याने एक नट आवळला आणि दोन मिनिटांच्या कामाचे ८५० रुपये लुटले.

आधी आमची चूक. ९ वाजता माणूस येईल म्हणालो आणि तो साडेदहाला पोचला. सप्टेंबरात एल्फिन्स्टनचा पूल बंद झाल्यापासून परळहून प्रभादेवीला यायचं म्हणजे टिळक पूल नाहीतर करी रोडचा वळसा, त्यात त्या दिवशी पाऊस. पण हे मला माहीत होतं. तुम्हाला फोन करायला हवा होता, तो केला नाही. तुमच्या आईंची डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ त्यामुळे चुकली, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. त्यांनाही माझा निरोप सांगा.

पण ‘दोन मिनिटांचं काम’ हे शब्द चार दिवस झाले डोक्यातून जात नाहीत. आमचा मुलगा साडेदहाला बोनेट उघडून उभा होता, निघाला ११.२५ ला. तुम्ही चावी वॉचमनकाकांकडे दिली होतीत आणि खाली आलात सव्वाअकराला, शेवटचा बोल्ट आवळला जात असताना. तेवढंच तुम्ही पाहिलंत. त्याआधीचा पाऊण तास काय चाललं होतं ते त्याच्या वहीत आहे, वही माझ्यासमोर आहे.

फोनवर मी ‘बॅटरीच असेल’ म्हणालो, हे खरं. भराभर टक् टक् आवाज आला की बहुतेक वेळा बॅटरीच उतरलेली असते. सोलेनॉइड, म्हणजे सेल्फला (इंजिन फिरवून गाडी सुरू करणाऱ्या मोटरला) करंट जोडणारा स्विच, जोडायला जातो, करंट ओढला गेला की व्होल्टेज पडतं, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज चढतं, तो परत ओढतो. तोच आवाज तुम्ही ऐकत होतात. एकदाच टक् होऊन गाडी गप्प बसली असती तर आधी सेल्फकडे बघितलं असतं. तुम्ही म्हणालात, नवीन बॅटरी घेऊनच पाठवा. मीच नको म्हटलं, आधी मीटर लावू.

बॅटरीवर मीटर लावला, १२.५ व्होल्ट. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते, म्हणजे ठीक. पण या एका आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. आतून खराब झालेली बॅटरीही भार नसताना चांगला आकडा दाखवते आणि सेल्फ मारला की कोसळते. म्हणून वॉचमनकाकांना चावी फिरवायला सांगितली. टक् टक् चालू असतानाही आकडा १२.२ च्या खाली गेला नाही आणि हेडलाइट तसेच लख्ख. म्हणजे बॅटरीत करंट होता, सेल्फपर्यंत पोचत नव्हता.

मग टर्मिनल काढली, कोमट पाण्यात खायचा सोडा घालून धुतली, घासली, परत लावली. तरी टक् टक्. तेव्हा त्याने मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर ठेवून परत सेल्फ मारायला लावला. तिथे पाव व्होल्टच्या वर काही दिसता कामा नये. आकडा ३ आणि ४ च्या मध्ये नाचत होता. अर्थिंग, म्हणजे इंजिनकडून बॅटरीकडे करंट परत यायची वाट, गेलं होतं.

तुमच्या गाडीत अर्थिंगची वायर बॅटरीखालून गिअरबॉक्सवर जाते, वरून हात पोचत नाही. ओल्या कंपाउंडमध्ये पुठ्ठा टाकून तो गाडीखाली शिरला. वायरच्या टोकाचं थिंबल, म्हणजे बोल्टमध्ये अडकणारी धातूची कडी, हिरवं पडलेलं, आतल्या अर्ध्या तारा तुटलेल्या, बोल्ट गंजलेला. वायर मागे कापून चांगलं तांबं लागेपर्यंत सोलली, नवीन थिंबल दाबून बसवलं, गिअरबॉक्सवरची जागा चकचकीत होईपर्यंत घासली, नवीन बोल्ट लावला. मग तुम्ही खाली आलात. पहिल्या सेल्फला गाडी सुरू झाली. त्यानंतरही त्याने एसी, हेडलाइट लावून चार्जिंग तपासलं, १४.१ आलं, मगच बोनेट लावलं.

८५० मध्ये ४०० घरी येण्याचे, ते फोनवरच सांगितले होते. ३५० कामाचे आणि १०० थिंबल-बोल्टचे. तुम्ही म्हणत होतात ती बॅटरी घेऊन आलो असतो तर पाच हजारांच्या वर बिल झालं असतं आणि गाडी तरीही सुरू झाली नसती. मग सेल्फ उतरवला असता, त्याचे वेगळे. लुटायचं असतं तर वाट मोकळी होती, साहेब. तुम्हीच ती दाखवली होतीत.

आणि तो ‘पोरगा’ आयटीआय केलेला आहे, चार वर्षं आमच्याकडे आहे. रिव्ह्यू त्यानेही वाचला. त्या दुपारी डबा तसाच परत नेला त्याने.

आमचं गॅरेज तीन माणसांचं. गल्लीत आत आहे, पाटी रस्त्यावरून दिसत नाही, लोक मोबाइलवर स्टार बघूनच येतात. तुमच्याच सोसायटीतल्या एका जुन्या गिऱ्हाइकाने परवा दसऱ्याआधीचं सर्व्हिसिंग पुढे ढकललं. कारण विचारायचा धीर मला झाला नाही. तुम्ही लिहिलेलं काढा असं म्हणत नाही, तो तुमचा हक्क आहे. फक्त उशीर झाला हे लिहा, ते खरं आहे. लूट झाली हे खरं नाही.

यापुढे माणूस उशिरा पोचणार असेल तर फोन जाईल, तशी व्यवस्था करतोय. बिलावर काम सविस्तर लिहून देण्याचंही बघतो.

तुमचं जुनं थिंबल टाकलेलं नाही, काउंटरवर पिशवीत ठेवलंय. या बाजूला आलात तर बघून जा.